चेहरा लपवलेला फोटो

“पेटी माझ्या घरी हाय, असं तूच बोललीस ना गं म्हातारे?” आमच्या बचत गटाची अध्यक्ष दारात येऊन ओरडली. तिच्या मोबाईलवर माझा फोटो होता. आजूबाजूच्या बायका काम सोडून बघत राहिल्या.

मासळीसाठी एका संस्थेने गटाला बर्फाची पेटी दिली होती. ती वापरात आहे का, हे बघायला आमच्या चौक गावात त्या संस्थेची एक मुलगी आली होती. चपला काढून माझ्याजवळ वाळूत बसली. मी बोलले ते लिहून घ्यायची, मला वाचून दाखवायची, मगच पुढचं विचारायची. नंतर तिने ते आपल्या ब्लॉगवर टाकलं. माझं नाव गाळलं, फोटोत चेहरा पुसट केला. पण मागे बांबूंवर माझे बोंबील वाळत होते. इथे प्रत्येक घर आपल्या बांबूंना आपल्या रंगाची चिंधी बांधतं. गावाने चिंधी ओळखली.

कळल्यावर ती मुलगी परत आली. “आजी, मी तुमचा चेहरा लपवला होता.”

“आणि बांबू?”

तिने मान वळवून बांबूंकडे बघितलं. मग माझ्यासमोरच ब्लॉगवरून फोटो काढून टाकला.

“लिहिलेलंही काढू?”

“खोटं हाय का ते? राहू दे.”

पेटी अजून अध्यक्षीणबाईंच्याच घरी आहे. गटातली एकही बाई माझ्याशी बोलत नाही. त्या लिखाणात ‘एक लाभार्थी महिला’ असं छापलंय. ती मी.