मेंदूचं पाणी लॅबला पाठवा!

“तुम्हाला डिप्रेशन आहे,” घाटकोपरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डिप्रेशन म्हणजे मन असं खचतं, की भूक, झोप, हसू सगळ्याला टाळं. ताटात तळलेला बांगडा यायचा आणि आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसायचो. त्याचा चेहरा जास्त टवटवीत.

बाईंनी समजावलं, “मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. त्याचा समतोल बिघडलाय असं समजा. गोळ्या देते. शिवाय समुपदेशन, म्हणजे मनातलं बोलायचं.”

रसायन! हा तर माझा धंदा. साकीनाक्याला आमचा निकेल प्लेटिंगचा गाळा आहे. नळाच्या तोट्यांना अशी चमक आणतो, की गिऱ्हाईक तोटीत बघून दाढी करून जातं. टाकीतलं पाणी बिघडलं की बाटलीभर लॅबला पाठवायचं, रिपोर्ट येईल तसं रसायन घालायचं, काम झकास. मी गोळ्या घेतल्या, बोलायला मात्र गेलो नाही. टाकीशी कोण गप्पा मारतं?

पुढच्या खेपेला मी विचारलं, “मेंदूचं सॅम्पल कधी घेताय? रिपोर्ट बघू दे.”

बाई हसल्या. “अशी टेस्ट नाही हो. मी सोपं करून सांगितलं होतं. गोळ्यांनी अनेकांना बरं वाटतं. पण सगळं एका रसायनावर ढकलता येत नाही. आम्हा डॉक्टरांतही यावर वाद आहेत.”

रिपोर्ट नाही म्हणजे आजार नाही! मी बाहेर येऊन बायकोला जाहीर केलं, “सुलू, गोळ्या बंद.”

“बसा खाली!” अख्खी वेटिंग रूम बसली. “तोटीवरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं, तेव्हा नुसत्या टाकीला शिव्या घालता? तोटीवर ग्रीस राहिलं का, करंट बरोबर होता का, सगळं बघता ना? म्हणून टाकीत रसायन घालायचं थांबवता? भावोजी गेल्यापासून त्यांचं नाव तरी घेतलंत का?”

दादानं आणि मी मिळून तो गाळा उभा केला होता.

गोळ्या चालू राहिल्या, आणि समुपदेशकाकडे मी दादाबद्दल बोललो. इतका रडलो, की मिठी नदीची पातळी वाढली असणार. तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना खुशाल उलटे प्रश्न विचारा, पण त्यांना न विचारता गोळ्या सोडू नका.

मग एका सकाळी सुलूला स्कूटरवर मागे बसवून गाळ्यावर निघालो होतो. नाक्यावर एक रिक्षा आडवी घुसली. कित्येक महिन्यांत मला कशाचाच राग आला नव्हता. त्या दिवशी असा सणसणीत आला, की माझा आवाज पार खारदांड्याच्या होड्यांपर्यंत गेला असेल.

रिक्षावाला ओरडला, “काका, डोकं ठिकाणावर आहे काय?”

“येतंय रे बाबा, येतंय! थँक्यू!”

तो घाबरून पळाला. मागे सुलू हसता हसता रडत होती. आनंदात तिला थेट मालवणी फुटली, “इलो गो बाय, माझो घोव परत इलो!”