हौशीरामचा सपाट हात

हौशीराम पिंगळे पहिल्यांदा वडेश्वरच्या शाळेत आला, त्या दिवशी सगळं आंदर मावळ जागचं हललं. मी तिथे नवा मास्तर होतो आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतो आहे. ‘सुईवाला आला’ ही बातमी टाकव्याहून निघाली ती त्याच्या दीड तास आधी पोचली. तेवढ्या अवधीत माझी त्रेपन्न मुलं दारातून, खिडक्यांतून, कौलं सरकवून आणि माझा असा दाट संशय आहे की दोन-तीन तरी भिंतीतून आरपार निघून गेली. म्हशी दावी तोडून डोंगराला लागल्या. वाघाच्या मिशा ओढल्याच्या गोष्टी सांगणारे गावचे पाटील घरातल्या कणगीत शिरले आणि वरून झाकण लावून घेतलं. शाळेत मागे राहिलो दोघेच, मी आणि महाराष्ट्राचा नकाशा. नकाशा खिळ्याला अडकवलेला होता म्हणून आणि मी सरकारी नोकर होतो म्हणून.

मग तो आला. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पत्र्याची पेटी, अंगात मांस म्हणाल तर कानाच्या पाळीपुरतं.

“मास्तर, पोरं कुटं हायती?”

मी म्हणालो, आज सुट्टी दिली आहे.

“मग तुमचा हात काढा.”

मला एकाएकी पाटलांसारखीच कणगी असती तर बरं, असं वाटलं. हौशीराम हसला. पडवीत बसला, पेटी उघडली, स्वतःची बाही वर केली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सुई स्वतःच्याच हातात घातली. दुसऱ्याला सुई टोचलेली बघायला कोणाला नको असतं? पाच मिनिटांत कुडामागून एक डोकं आलं, मग दहा. दिवस मावळेपर्यंत त्रेपन्न मुलं, पाटील आणि मी, सगळे टोचून झालो होतो. हे १९५६ सालातलं.

तो क्षयाच्या लशीच्या सरकारी टोळीत कामाला होता. काम दोन फेऱ्यांचं. पहिल्या फेरीत कोपराखाली कातडीच्या आतल्या आत औषधाचा एक थेंब घालायचा. तिसऱ्या दिवशी परत येऊन तिथे किती सूज आली ते पारदर्शक पट्टीनं मोजायचं. गाठ मोठी उठली तर क्षयाचा जंतू त्या अंगात कधीतरी येऊन गेलेला आहे, त्याला लस नको. हात सपाट राहिला तर जंतू आलेला नाही, त्याला लस द्यायची. मोठी गाठ, सोडून द्या. सपाट हात, टोचा. दोन महिन्यांच्या शिक्षणात त्याला एवढं शिकवलं होतं आणि एवढं तो कधी चुकला नाही.

दुसऱ्यांदा सगळी वाट परत तुडवावी लागे, कारण एसटी टाकव्यापुढे यायला राजी नव्हती. तरी त्याचा तिसरा दिवस कधी हुकला नाही. ओढ्याला पूर आला तर तो पेटी डोक्यावर घेऊन पोहत येई आणि आल्यावर आधी तिसरा दिवस कसा पाळला याचं व्याख्यान देई. व्याख्यानात ओढ्याची दर वेळी नदी होई. त्याला मोजायचं वेडच होतं. माझी भाकरी, माझी मिशी, पाटलांचं नाक, सगळं त्याने मिलिमीटरमध्ये नोंदवलेलं होतं. पाटलांचं नाक त्यांना सांगायची हिंमत मात्र आम्हा दोघांनाही झाली नाही.

स्वतःच्या हातावरची गाठ मात्र तो मिरवायचा. गावोगाव धीर द्यायला स्वतःला टोचून घेई आणि दर वेळी तिथे लालभडक, टणक गाठ उठे. तो ती पुरणपोळीएवढी सांगायचा. मी मोजली तेव्हा अठरा मिलिमीटर होती. एवढी मोठी का, असं एकदा विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. त्याचा धाकटा भाऊ मुंबईच्या गिरणीतून क्षय घेऊन घरी, वराळ्याला आला होता. शेवटचे आठ महिने हौशीराम त्याच्याजवळ, एकाच वाकळेत झोपला. भाऊ गेला.

“तवापासनं माज्या छातीत बसलाय त्यो, मास्तर. ही गाठ उठती तवा कळतं, अजून हाय.”

एवढं बोलून तो माझं ताक मोजायला लागला. पण मला कळलं, की बाकी कशालाही न भिणारा हा माणूस या एका गोष्टीला भितो. छातीतला तो पाहुणा जागा होऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

१९६१च्या थंडीत त्याच्या बोटांना काहीतरी झालं. सकाळी उठल्यावर मुठी वळेनात, मनगटं सुजलेली. दोन तास उन्हात बसल्यावर बोटं हलू लागत. पुढे गुडघे आणि घोटे. मी त्याला म्हाताऱ्या म्हणून चिडवलं, तोही हसला. मग एके दिवशी त्याच्या हातातून सुई पडली. त्याने ती उचलायला हात घातला आणि बोटं मिटेनात, तेव्हा पोरं हसायची थांबली. साहेबांना कळलं तर पुण्याच्या कचेरीत कागद चिकटवायला बसवतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही आणि लोणावळ्याचा पुडीवाला गाठला.

हा पुडीवाला बाजारात छत्रीखाली बसे. पुड्यांत हिमालयातल्या मुळीचं भस्म आहे असं तो सांगे. भस्म पांढरंशुभ्र होतं आणि चवीला कडू. हौशीरामने सकाळ-संध्याकाळ एकेक पुडी घेतली. पाचव्या दिवशी तो वडेश्वरला आला तो जवळजवळ पळत. पडवीत त्याने दहा बैठका मारून दाखवल्या आणि मग पाटलांच्या म्हाताऱ्या आईला उचलून ओसरीभर फिरवलं. म्हातारीने त्याला दिलेल्या शिव्या मी लिहू शकत नाही, पण त्यांत कौतुक होतं.

त्यानंतर तो भरू लागला. भूक म्हणजे वणवा. गाल वर आले, मानेवर मांस चढलं, चेहरा परातीसारखा गोल झाला. वराळ्याच्या बायका त्याच्या बायकोला, कस्तुराबाईंना, म्हणाल्या की तुझ्या नवऱ्याने या वयात बाळसं धरलं. कस्तुराबाईंनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी म्हणालो, हौशीराम, तुझी पौर्णिमा जवळ आली. जरा धक्का लागला तरी त्याच्या हातावर काळेनिळे डाग पडत, चढावर दम लागे, हात-पाय मात्र काडीसारखेच राहिले होते. हे मी पाहत होतो आणि त्यावरही विनोद करत होतो.

१९६२च्या मे महिन्यात त्याने वरच्या ठाकरवाडीत चाचणी घेतली. नेहमीप्रमाणे आधी स्वतःला टोचलं. तिसऱ्या दिवशी मीही त्याच्याबरोबर वर गेलो होतो. त्याने बाही वर केली, पट्टी लावली आणि तसाच बसून राहिला. हातावर काही नव्हतं. लाल नाही, गाठ नाही. सुईचं भोकसुद्धा दिसत नव्हतं.

मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“गेला, मास्तर. छातीतला गेला.”

मला एवढा आनंद झाला की मी त्याला मिठी मारली. सपाट हात म्हणजे जंतू नाही. सहा वर्षं मी हेच ऐकत आलो होतो. पुडीने सांधे धुतले, तसा क्षयही धुऊन काढला होता.

वाडीतली भामाबाई शेजारी बसली होती. दर फेरीला ती हौशीरामची गाठ बोटाने दाबून बघायची आणि आपल्या नातवंडांना दाखवायची. तिने त्याच्या गुळगुळीत हातावरून अंगठा फिरवला.

“सुईवाल्या, तुजा हात गप का रं?”

रोग गेला म्हणून, असं त्याने तिला समजावलं. तिने मान हलवली नाही.

“आमचं कुत्रं रोज भुकायचं. एक दिस गप बसलं, त्या दिशी बिबट्यानं शेळी नेली.”

हौशीराम हसला. मीही हसलो. त्याने नोंदवही उघडली, स्वतःचं नाव लिहिलं, पुढे शून्य लिहिलं. आता नियमाप्रमाणे सपाट हाताला लस द्यायलाच हवी होती. लस जिवंत जंतूंची असते, दुबळे केलेले, पण जिवंत. त्याने माझ्याकडून दंड पुसून घेतला, डाव्या हाताला स्वतःच टोचून घेतलं आणि मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. ती सही माझी आहे. भामाबाई तोवर उठून गेली होती.

पावसाळ्यात तो खोकू लागला. ओलीत फिरतो म्हणून, असं तो म्हणायचा. दंडावरची लशीची जखम दोन-तीन महिन्यांत खपली धरून पडायला हवी होती, ती ओलीच राहिली. पुड्या चालू होत्या, सांधे झकास होते. संध्याकाळी अंग तापायचं, पण चेहरा इतका गुबगुबीत की त्याला आजारी म्हणायला जीभ रेटत नसे.

सप्टेंबरात एका सोमवारी त्याने माझ्या शाळेत नव्या एकेचाळीस मुलांना टोचलं. गुरुवारी मुलं सकाळपासून बाह्या वर करून बसली. आता ती पळत नसत. आपली गाठ किती हे ऐकायला भांडत. दुपार झाली, शाळा सुटायची वेळ झाली. हौशीराम आला नाही.

शुक्रवारी मी शाळा बंद ठेवून वराळ्याला गेलो. कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. आत हौशीराम भिंतीला टेकून बसला होता, श्वास पोटातून घेत होता. मला पाहून म्हणाला, “पोरांचे हात तुमी मोजले का?” मी हो म्हणालो. मोजले नव्हते.

आम्ही त्याला बैलगाडीत घालून छातीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. दोन्ही फुप्फुसांत बाजरी सांडावी तसे ठिपके होते. त्याच्या गोल चेहऱ्याकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, की आणखी कसलं औषध घेता. हौशीरामने दिलेली पुडी त्यांनी हुंगली आणि जिभेला लावली.

मग त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. पुडीत मुळी नव्हती. विलायती गोळ्या कुटून घातल्या होत्या, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत अशा. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. शरीरात परका जंतू आला की त्यांतल्या काही त्याला ओळखून ठेवतात आणि पुन्हा त्याचा वास लागला की तिथे गर्दी करतात. हातावरची गाठ म्हणजे रोग नव्हे, ती गर्दी. भावाकडून आलेला जंतू त्यांनी इतकी वर्षं छातीत कोंडून ठेवला होता. पुढे त्यांचीच बुद्धी फिरली. स्वतःच्या सांध्यांना त्या परकं समजल्या आणि तुटून पडल्या, म्हणून बोटं सुजली. पुडीने त्या सगळ्यांना गुंगी आणली. सांधे बरे झाले, गाठ उठेनाशी झाली आणि कोंडलेला बाहेर पडला. चेहऱ्यावरचं बाळसंही पुडीचंच होतं. मी त्यांना भामाबाईचं कुत्रं सांगितलं. ते म्हणाले, तिला माझ्या खुर्चीत बसवा.

ते डॉक्टर परवा, म्हणजे १९७४ साली, तळेगाव स्टेशनवर पुन्हा भेटले. निवृत्त झालेत, पण वाचन सुटलेलं नाही. त्या पेशींना आता टी-पेशी म्हणतात म्हणाले. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिथे लहानपणी आपलं कोण आणि परकं कोण हे त्या शिकतात. काहींचं शिक्षण कच्चं राहतं का, की शिकलेल्या पुढे बिघडतात, हे अजून कोणाला नीट माहीत नाही. पण सुजलेल्या सांध्यांच्या अस्तरात त्यांची दाटी सापडते आहे. मी म्हणालो, माझ्या शाळेचा निकालही असाच लागतो. ते हसले नाहीत, आणि खरं तर मलाही हसायचं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांपुढे पेच होता. पुडीतलं औषध चालू ठेवावं तर क्षय आवरत नाही. एकदम तोडावं तर इतके महिने त्यावर चाललेलं शरीर कोसळतं. त्यांनी ते हळूहळू उतरवायला घेतलं आणि क्षयाची इंजेक्शनं सुरू केली. औषध उतरलं तशी बोटं पुन्हा वाकडी झाली, गुडघे सुजले. कस्तुराबाई त्याला घास भरवत. त्या मला म्हणाल्या की बाळसं धरलं तेव्हा मी देवीला नारळ फोडला होता, तो आता कुठे परत मागू.

सगळं समजल्यावर हौशीरामने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली.

“म्हंजी माजा हात खोटं बोलला?”

डॉक्टर म्हणाले, “हात बोललाच नाही. तुम्ही त्याला झोपवलं होतं.”

त्यावर तो दोन दिवस विचार करत पडला होता. मग त्याने हट्ट धरला, की चाचणी परत घ्या. गाठ उठली तर रक्तातली आपली माणसं जागी झाली असं समजायचं. डॉक्टरांना त्यात काही अर्थ वाटत नव्हता, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनीच सोमवारी सकाळी दहाला त्याच्या हातात थेंब घातला. हौशीरामने मला जवळ बोलावून पट्टी माझ्या हातात दिली. माझी बोटं आता चालत नाहीत, गुरुवारी मोजायला तुम्ही या, आणि माझं नाक मोजू नका, असं बजावलं. मी रजेचा अर्ज टाकला.

बुधवारी दुपारी तो गेला. चाचणी तिसऱ्या दिवसाआधी मोजायची नसते, त्यामुळे त्याचा हात कोणी पाहिला नाही.