सोमवारची सायकल

त्याच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, एक केस कापायची आणि एक वाट बघायची. दोन्ही खुर्च्यांवर बसलेला माणूस नेहमी बरोबरच असायचा. ज्याच्या गळ्याशी वस्तरा धरायचा त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे त्याच्या वडिलांनी त्याला धंद्यासोबतच शिकवलं होतं. कापून घेणारा म्हणाला, यंदा थंडी फार आहे, की हा म्हणायचा, "बरोबर बोललात." वाट बघणारा म्हणाला, छे, कसली थंडी, की कात्री न थांबवता म्हणायचा, "तेही खरंच." मेहुण्याने त्याचं नाव 'होयबा' ठेवलं, तेव्हा त्या नावालाही त्याने हसून मान डोलावली होती.

दिवसभर उभं राहून पिंडऱ्यांच्या शिरा फुगल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या घालणारी बाई; घरीही बोलता बोलता हातात येईल त्या कपड्याची घडी घालायची. हे ऐकून तिचे हात थांबले.

"मग दोन घेऊ या," ती म्हणाली. "साध्याच. तुमच्या सुट्टीला सकाळी कालव्याच्या रस्त्याने जाऊ. गर्दी नसते, सावली असते. दमलो की उतरायचं."

"तुला येते?"

"अहो, भावाची सायकल पळवायचे मी! सीटवरून पाय पुरायचे नाहीत, तर दांड्याखालून पाय घालून चालवायचे. आई काठी घेऊन मागे!"

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. त्याला गंमत वाटली. "बरोबर आहे, दोन घेऊ," तो म्हणाला. दुकानातला होकार आणि घरातला होकार यांतला फरक त्याला स्वतःलाच कधी कळला नव्हता. तिला एरवी कळायचा. या वेळी मात्र तिने त्याचा शब्द खरा धरला.

दुकानाच्या नव्या आरशासाठी बाजूला काढलेले पैसे होते. आरसा थांबेल, असं ठरलं. आणि इथेच त्याने घात केला: दुकानात तोंड उघडलं. एवढंच विचारलं, की बाबा, स्वस्तात बरी सायकल कुठली? झालं, काथ्याकूट सुरू. व्यायामशाळेचे सर म्हणाले, वजन बघ, एका बोटावर उचलता आली पाहिजे. औषधवाला म्हणाला, वजन गेलं खड्ड्यात, गिअर बघ. ज्यांनी आयुष्यात कधी पायडल मारलं नव्हतं असे एक निवृत्त कारकून म्हणाले, नवीन घेणं हा मूर्खपणा, जुनीच घ्यावी. तो सगळ्यांना हो म्हणत गेला आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात सगळ्यांच्या सायकली एकमेकींवर आदळत राहिल्या. बायकोने मात्र एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा विषय काढला नव्हता. म्हणून असेल, तिचं म्हणणं सगळ्यांच्या खाली दबलं.

सगळ्यात मोठा आवाज बँकेतल्या साहेबांचा. ते स्वतः रविवारी घट्ट कपडे घालून सायकलीवरून लांब लांब जायचे. मान पुढे करून केस कापून घेता घेता त्यांनी याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "तुझी उंची बघ, पाय बघ! तू साधी सायकल घेणार? रेसची घे. सुट्टीला माझ्याबरोबर चल." इतक्या मोठ्या माणसाने आपल्याला सोबत बोलवावं! त्याला ते आवडलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

साहेब खरेदीलाही बरोबर आले. सायकलवाला भला माणूस होता. त्याने आधी विचारलं, "कशासाठी हवीय?"

"फिरायलाच. सुट्टीचं, सकाळी."

"एकटे?"

तो उत्तर द्यायला गेला, पण साहेब शेजारी उभे होते. सायकलवाल्याने दोन साध्या सायकली पुढे काढल्या. सरळ हँडल, जाडसर टायर, थोडेच गिअर. "खराब रस्त्यालाही चालतील. आणि बजेटमध्ये दोन बसतात."

"अरे, साधी घेऊन पस्तावशील," साहेब म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या लाल सायकलीवर हात ठेवला. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर बोटाएवढे. "ही सगळ्यात स्वस्त रेसची आहे. हिच्या खाली जाऊच नकोस."

सायकलवाला त्याच्याकडे बघत थांबला. 'आम्ही दोघं आहोत,' एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं, या एका भिडेपायी त्याने मूग गिळले. पैसे मोजून लाल सायकल घेतली आणि घरापर्यंत हातात धरून आणली, कारण बसायची हिंमत होत नव्हती.

बायको दारात आली. तिने सायकलीकडे बघितलं, मग त्याच्या मागे रस्त्यावर बघितलं. मागे काहीच नव्हतं.

"छान आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन पोळ्या लाटायला लागली.

त्याच्या दुकानाला सुट्टी सोमवारी असायची. पुढच्याच सोमवारी सकाळी उठून बघतो तर बायको घरीच.

"आज कामाला नाही?"

"सुट्टी सोमवारची करून घेतली. मुकादमबाईंच्या मागे लागून. महिना झाला सांगून ठेवलं होतं, आजपासून मिळाली."

"आणि रविवारची?"

"ती गेली."

का, हे विचारायची गरज नव्हती. रविवारी तिची बहीण यायची, सगळ्या मैत्रिणींना सुट्टी असायची. ते सोडून तिने त्याचा सोमवार मागून घेतला होता. तेव्हाच सायकल भिंतीला टेकवून तिच्याजवळ बसायला हवं होतं, चुकलो म्हणायला हवं होतं. पण साहेब नाक्यावर थांबले असतील, म्हणून तो निघाला. नाक्यावर कुणी नव्हतं. सोमवारी बँक उघडी असते, हे ना साहेबांच्या ध्यानात आलं होतं ना त्याच्या.

तो एकटाच कालव्याकडे वळला. तिथे खडी होती. बारीक टायर घसरायला लागले, तेव्हा उतरून परत फिरला आणि मोठ्या रस्त्याने ट्रकांचा धूर खात गेला. आठवडाभर लोकांच्या डोक्यांवर वाकायचं आणि सुट्टीला हँडलवर वाकायचं, म्हणजे पाठीला सुट्टी कधीच नाही. चार-पाच सोमवार त्याने हट्टाने काढले. बायको त्या सोमवारी घर पुसायची, डबे घासायची. दुकानात कुणी विचारलं, की हा म्हणायचा, "एकदम झकास चालते!"

शेवटी मान अवघडली आणि त्याने लाल सायकल विकली, घेतली त्याच्या निम्म्या किमतीत. तेवढ्यात एकच साधी सायकल येत होती. त्याने तिच्या उंचीची घेतली. घरी आणली तेव्हा वाटलं होतं, ती चिडेल, निदान रडेल तरी. तिने पदर खोचला, एक पाय पायडलवर ठेवला, दोनदा जमिनीला रेटा दिला आणि बसली. जरा डगमगली, मग सरळ झाली आणि गल्लीच्या टोकाला मागे न बघता वळली. आपली बायको इतकी सुंदर सायकल चालवते, हे बघायला तो एकटाच दारात उभा होता.

पुढे ती दर सोमवारी जायला लागली. कालव्याच्या रस्त्याने, कधी कालव्याच्याही पुढे. यायची तेव्हा चेहरा उन्हाने लाल, केस विस्कटलेले, आणि भूक सपाटून लागलेली. धुलाईघरातली बारीकसारीक गोष्ट त्याला सांगणारी ही बाई, या फेरीबद्दल मात्र चकार शब्द काढायची नाही.

वर्षभराने त्याने पुन्हा पैसे साठवले. एका सोमवारी ती निघताना तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात मी पण तुझ्यासारखीच घेतो. मग दोघं जाऊ."

ती थांबली. रागावलेली नव्हती, म्हणून ऐकायला जास्त जड गेलं.

"घ्या ना, पायांना बरं पडेल," ती म्हणाली. "पण मला आता एकटीनेच जायला आवडतं हो. तेव्हा दोघांनी जावंसं फार वाटत होतं. आता नाही वाटत."

एवढं बोलून तिने घंटी वाजवून गल्लीतलं कुत्रं बाजूला केलं आणि गेली. तिला काहीतरी स्वतःचं मिळालं, याचा त्याला खरोखर आनंद होता. त्यात आपल्याला जागा होती, ती तिने आधीच मांडून ठेवली होती आणि आपण ती एका गिऱ्हाइकाच्या भिडेपोटी घालवली, हे मात्र त्याला दर सोमवारी नव्याने लागायचं. ती येईपर्यंत तो भाजी चिरून ठेवायचा.