चौदावा फर्मा

हाशमभाई बाइंडर माझ्या दारात उभे राहिले ते मोबाइल नाकापुढे धरूनच. वय चौऱ्याहत्तर, दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी बोटांना अजून खळीचा वास. नातीनं त्यांना जुनी पुस्तकं विकणारी एक साइट उघडून दिली होती आणि तीन दिवस ते तिच्यावर एकच ओळ लिहीत होते: घर सोडून गेलेल्या बाईचं लाल कापडी बांधणीचं पुस्तक. साइट त्यांना कधी स्वयंपाकाची, तर कधी वास्तुशास्त्राची पुस्तकं दाखवत होती.

“सुकन्याताई, ह्ये मशीन कायबी कामाचं न्हाय बगा,” ते म्हणाले.

मला हसू आवरेना. ते लाल कापड त्यांनीच चढवलेलं होतं, विजापूर वेशीतल्या आपल्या दुकानात बसून. जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रतीवर ते कसं असेल? पण जन्मभर पुस्तक पाठीवरूनच ओळखलेल्या माणसाला हे सुचणार तरी कसं. मीच त्यांना सांगितलं, आणि जरा तिखटपणेच सांगितलं. साखर पेठेतल्या वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकाचं नाव माहीत नसताना पुस्तक मागायला येणाऱ्यांवर करवादायची माझी जुनी खोड, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

ती कादंबरी मला चांगली आठवत होती. माझ्या नोकरीच्या आधीपासून आमच्याकडे होती. तिला मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही आणि शेवटही नाही. रजिस्टरात नुसतं ‘कादंबरी, नाव नाही’. वाचक कुरकुरत परत आणून द्यायचे आणि दोन महिन्यांनी पुन्हा न्यायचे. वाचनालय बंद पडलं तेव्हा आम्ही ती इतर पुस्तकांबरोबर रद्दीत घातली. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

हाशमभाईंना ती कशाला हवी, हे कळायला दोन कप चहा लागला. त्यांची बायको, हुस्नाभाभी, घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, नजरही आता नावालाच उरलेली. पडल्यापडल्या त्यांनी एकच धोशा लावला होता, ते पुस्तक पुन्हा वाचून दाखवा.

हाशमभाईंचं लग्न झालं तेव्हा गिरण्यांचे भोंगे ऐकून सोलापूर उठायचं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे पोत्यानं येत. ते पुस्तक उसवायचे, खळ लावायचे, कापड चढवायचे. हुस्नाभाभी पानांचे जुडगे पुन्हा शिवायच्या. अशा सोळा पानांच्या जुडग्याला बाइंडर फर्मा म्हणतात. भाभी गुलबर्ग्याच्या, त्यांना मराठी यायचं नाही. म्हणून हाशमभाई काम करता करता मोठ्यानं वाचत. भाभींचं मराठी असं टाक्याटाक्यानं जमलं. “लई चांगले दिस व्हते ताई,” ते म्हणाले.

पहिलं मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं. भाभी बोलेनाशा झाल्या. त्यांनी ट्रंक भरली. शुक्रवारी भाऊ न्यायला येणार होता, आणि ते जाणं परत येण्यासाठी नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. हाशमभाईंना काही बोलता आलं नाही. हातातलं काम तेवढं चालू राहिलं. कादंबरीतली बाईही नेमकी घर सोडून निघाली, आणि तिथे पानं संपली. पुस्तक त्यांच्याकडे आलं तेव्हाच पुढचा फर्मा गळून गेलेला होता. हाशमभाईंनी नुकतीच चिकटवलेली कोरी पानं डोळ्यांसमोर धरली आणि वाचत असल्यासारखं सांगत गेले. नवरा स्टेशनवर धावत जातो, म्हणतो, तू न्हाईस तर त्ये घर कशाचं, आणि बाई परत येते. दुसऱ्या दिवशी भाभींनी ट्रंक रिकामी केली.

अठ्ठेचाळीस वर्षं झाली त्याला. “ती माज्या खोट्यावर ऱ्हायली,” हाशमभाई म्हणाले. “खरं वाचून दाकवतो. मग तिला काय म्हणायचं त्ये म्हणू द्या. ह्ये उरावर घिऊन जायचं न्हाय मला.”

माझा तिखटपणा तिथेच गळाला.

मी संगणकावर तीच साइट उघडली. त्यांना म्हटलं, गोष्ट विसरा. यादीला गोष्ट कळत नाही, तिला पुस्तकावर छापलेलं तेवढंच कळतं. तुमच्या हाताला काय आठवतंय ते सांगा. आणि त्यांच्या हाताला काय काय आठवत होतं! आकार क्राउन. तेरा फर्मे होते, आणि गोष्ट बघता आणखी एकच असणार. म्हणजे दोनशे चोवीस पानं. शिशाच्या खिळ्यांची छपाई, म्हणजे जुनं. आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात ‘दा. कं.’ आणि आकडा. छापखान्यात फर्मे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं तिथे घालत. एवढी वर्षं वाचनालयात काढून मी पानाच्या तळाशी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी भाषा मराठी, प्रकार कादंबरी, फक्त जुन्या प्रती, एवढी निवड केली, आणि शोधाच्या चौकटीत एकेक शब्दच घातला. लांबलचक वाक्य घातलं की यादी बावचळते. कंकण घातलं, कंठ घातलं, काही जमेना. कंदील घातल्यावर सात नावं आली, त्यांतलं पाचवं ‘दारामागचा कंदील’. पानं दोनशे चोवीस.

हाशमभाई लगेच पैसे भरायला निघाले होते. मी थांबवलं. जुन्या पुस्तकापुढे ‘स्थिती ठीक’ लिहिलेलं असतं, त्यात शेवट असतोच असं नाही. विकणाऱ्याला निरोप धाडला की दोनशे नऊ पानाचा नुसता तळ आणि शेवटच्या पानाचा कोपरा यांचा फोटो पाठवा. संध्याकाळी फोटो आला. तळाला ‘दा. कं. १४’. हाशमभाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि डोळे पुसले.

आठवड्यानं पार्सल आलं. हाशमभाईंनी मला बरोबर यायची गळ घातली; एकट्याचा धीर होईना. पलंगाशी बसून त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवट पुस्तकात नव्हता, मी मनानं रचला, तुला फसवलं.

भाभी शांतपणे ऐकत होत्या. मग माझ्यासमोर म्हणून मराठीतच बोलल्या, “टाकं मीच घालत व्हते की. तेराच फर्मं शिवले. चौदावा कुटनं वाचला तुमी?”

हाशमभाई कसंबसं म्हणाले, “मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? जाऊ नको म्हणून तुमी कदी तोंडानं म्हणला न्हाईत. त्या दिशी कोऱ्या कागदाकडं बगून म्हणलात. मला तेवडं पुरलं.”

मग भाभींनी पुस्तक चाचपलं आणि वाचायला सांगितलं. हाशमभाईंनी ते माझ्या हातात दिलं. सोळा पानं वाचली. नवरा स्टेशनवर येत नाही. तो पत्र पाठवतो, बाई ते न फोडता परत करते, परक्या गावात शिक्षिकेची नोकरी धरते आणि तिथेच राहते. मी पुस्तक मिटलं. हाशमभाई जमिनीकडे बघत होते.

भाभींनी हात लांब करून त्यांचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

“बरं झालं सुकन्या,” त्या मला म्हणाल्या, “तवा ह्यो फर्मा न्हवता.”