फरक पडलेली बाई

त्या रेडिओ केंद्रात तिला सगळे फोनवाली म्हणायचे. एकवीस वर्षं दर शनिवारी सकाळी ती काचेच्या अलीकडे बसून श्रोत्यांचे फोन घ्यायची आणि त्यातले बरे वाटतील ते आत निवेदकाकडे सोडायची. निवेदक म्हणजे नुसता गोडबोल्या. आधी सिनेमाच्या गप्पा, मग सुट्टीतली बालनाट्यं, शेवटी आरोग्य, असा त्याचा तासभराचा कार्यक्रम. बालनाट्यांच्या वेळी फोन घेता घेता हिचा कान दुखून यायचा. आरोग्याला मात्र कुत्रं विचारायचं नाही.

मग निवेदक काचेवर टकटक करायचा. हिने काय ते समजायचं. दोन नंबरची लाइन उचलून, घसा खरवडून, ती स्वतःच कुणीतरी आजीबाई व्हायची. तरुणपणी तिने बालनाट्यांत म्हाताऱ्याच केल्या होत्या, त्यामुळे आवाज तयारच होता. गुडघेदुखीचं विचारायचं, झोपेचं विचारायचं, संपलं. यात कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटायचं.

गेल्या महिन्यात आरोग्याला एक भुकटीवाला येऊन बसला. साखरेचा आजार मुळापासून घालवतो म्हणे! डोंबलाचं मुळापासून. टकटक झाली. हिने निवेदकाने पुढ्यात ठेवलेल्या कागदावरचं आजीच्या आवाजात वाचलं, "आठ दिवसांत फरक पडला हो. गोळ्या बंदच केल्या मी." वाचलं आणि विसरून गेली.

परवा ती थोरल्या बहिणीकडे गेली, तर ताईच्या पायाचा अंगठा काळानिळा, डोळ्यांपुढे अंधारी आणि टेबलावर भुकटीचे तीन डबे.

"तुझ्या गोळ्या कुठायत?"

"टाकल्या. त्या आजीबाईंना फरक पडला, मला का नाही पडणार?"

"अगं, थोतांड आहे ते सगळं. मी तिथेच बसते ना."

"तू फोन उचलतेस. त्या बाईने स्वतः घेतलंय. आवाजावरून माणूस कळतं मला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुकटीवाल्याचा राग, निवेदकाचा राग, ताईच्या हेकटपणाचा राग. आणि 'ती बाई मीच' एवढं सांगायला जीभ रेटेना, त्याचा सगळ्यांत जास्त. "मर मग," म्हणाली आणि तरातरा निघून आली. सख्ख्या बहिणीला कुणी असं बोलतं का? ही बोलली.

शनिवारी सकाळी तिने निवेदकाला गाठलं. "मागच्या महिन्यातला तो फोन खोटा होता, एवढं आज सांगून टाका. माझी बहीण गोळ्या सोडून बसलीय."

"कशाला नसती भानगड? आपण काय कुणाचे डॉक्टर आहोत का?" तो हसत आत गेला.

सिनेमा झाला. बालनाट्यवाला येऊन पोरांना हसवून गेला. मग भुकटीवाला बसला, पंधरा मिनिटं बोलला, आणि एकही फोन नाही. काचेवर टकटक झाली.

तिने दोन नंबरची लाइन उचलली.

"बोला आजी," निवेदक म्हणाला.

"मी आजी नाही. इथली फोनवाली आहे. मागच्या महिन्यात गोळ्या बंद केल्या म्हणणारी ती आजी मीच. मला साखर नाही. ही भुकटी मी चाखलेलीसुद्धा नाही. मला कागद दिला, मी वाचला. ताई, ऐकतेयस ना? आजच्या आज डॉक्टरकडे जा."

निवेदकाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने घाईघाईने गाणं लावलं आणि काचेतून तिला दाराकडे बोट दाखवलं. तिने पर्स उचलली, तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता.

"ती तू होतीस?"

"हो."

पलीकडे ताईने रेडिओ बंद केल्याचा खटका ऐकू आला. हिने दोनदा हाक मारली.

"तुला खोटी ठरवलं मी," ताई म्हणाली. "आणि तिला खरी."

"ताई, ऐक ना..."

"टॅक्सी घेऊन ये. मला दवाखान्यात ने, पाय टेकवत नाहीये. आणि वाटेत तोंड उघडू नकोस. तुझा आवाज ऐकायचा नाहीये मला."