सावडीचं यंत्र

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्टचा विषय होता आणि तो वर्षभर चालायचा. लेखी परीक्षा नाही, पाठांतर नाही. चौघांचा गट करायचा, कुणाची तरी खरी अडचण शोधायची आणि ती सोडवणारी वस्तू स्वतः बनवून त्याच माणसांच्या हातात द्यायची. गट मॅडमनी चिठ्ठ्या टाकून पाडले. माझ्या वाट्याला तिघं आले: पुण्यातला एक उंच मुलगा, ज्याचं ड्रॉइंग छापल्यासारखं यायचं, लातूरकडचा एक, ज्याच्या वडलांचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि साताऱ्याची एक मुलगी, जी बोलायची कमी आणि लिहायची फार. बाकीचे गट अडचण शोधत शहरभर हिंडत होते. मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "शोधायची गरजच नाही. अडचण माझ्या घरी आहे."

माझं घर हिर्डोशीच्या बाजूला. भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या एसटीनं उतरायचं आणि पाऊण तास चढ चढत आमच्या वाडीला यायचं. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी. आणि अडचण म्हणजे आईचा उजवा खांदा. आदल्या वर्षी तो धरला तो धरलाच. भोरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही. आता नाचणीची मळणी म्हणजे दुसरं काय असतं? कणसांचा ढीग अंगणात पसरायचा आणि काठी डोक्यावरून आणून त्याच्यावर हाणायची, सकाळपासून ऊन डोक्यावर येईस्तोवर. आईनं डॉक्टरांपुढं मान हलवली आणि घरी येऊन म्हणाली, "त्येंला काय जातंय सांगाया!"

तेव्हा यंत्र करायचं ते नाचणीच्या मळणीचं, आणि ते पायानं चालणारं, हे ठरायला पाच मिनिटं लागली. मॅडमचा एक नियम मात्र आडवा आला. वस्तूला हात लावायच्या आधी ती वापरणाऱ्या बारा जणांना भेटायचं आणि प्रत्येकाचा फॉर्म भरून आणायचा. मी म्हटलं, कशाला? मी तिथलीच आहे. जाऊन-येऊन दोन दिवस मोडणार, आणि त्या बायका मला वेगळं काय सांगणार? हॉस्टेलच्या कॉटवर मांडी घालून मी आमच्या वाडीतल्या बारा घरच्या बारा बायकांचे फॉर्म दीड तासात भरून टाकले. वर तीन वेगवेगळी पेनं वापरली. इतकी मी हुशार!

खोटं काही लिहिलंय असं मला अजिबात वाटत नव्हतं. मळणीला मजूर लावता का? नाही. मजुरी किती देता? काही नाही. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी. त्यावरून साताऱ्याच्या मुलीनं अहवालात लिहिलं, "घरातली स्त्री एकटीच मळणी करते." मी ते वाचलं आणि पान उलटलं.

मग आम्ही कामाला लागलो. जुन्या शिलाई मशिनचं पायडल, भंगारातल्या सायकलची चेन, आत रबराच्या पट्ट्या लावलेला ड्रम. बसायचं, पाय हलवायचे, एका बाजूनं कणसं सोडायची आणि खाली दाणे. लातूरच्यानं फ्रेम अशी जोडली की तिच्यावर हत्ती उभा राहावा. वजन भरलं पन्नास किलोच्या वर. एका माणसाचं यंत्र, एका घरच्या अंगणात कायम राहणारं, म्हणून वजनाचं कुणाला काहीच वाटलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी ते टेम्पोनं वाडीखालपर्यंत नेलं आणि पुढं चौघांनी धापा टाकत चढवलं. अंगणात आमच्या नाचणीचा ढीग तयारच होता. आई स्टुलावर बसली, पायडल मारायला लागली, आणि काय सांगू, दाण्यांची नुसती सर लागली ताडपत्रीवर. अख्ख्या सकाळचं काम तासाभरात उरकलं. उंच मुलगा तर अंगणात नाचला. मी आईकडं असं बघत होते, जणू काही मीच तिला जन्म दिलाय.

आई उठली, हात झटकले, आत गेली आणि मळणीची काठी घेऊन बाहेर आली.

"कुठं निघालीस?"

"वरल्या आळीला. आज काकीच्यात मळणी हाय."

"अगं, पण आपली झाली ना आता! डॉक्टर काय म्हणालेत?"

"आपली झाली म्हून काय झालं? आज म्या तिकडं न्हाई गेले तर लावनीला आपल्याकडं कोन येनार? तुजं मशीन उतरनार व्हय चिखलात?"

तिनं यंत्रावर गोणपाट टाकलं आणि दुखऱ्या खांद्यावर काठी ठेवून निघून गेली.

सावड! आमच्याकडं मजूर लावत नाहीत, कारण सावड असते. आज सगळ्या बायका एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. दिवसाची फेड दिवसानं. आणि सगळ्यात मोठी फेड जुलैत, भाताच्या लावणीला, जेव्हा बारा-तेरा जणी वाकल्याशिवाय कुणाचंच खाचर वेळेत लागत नाही. जी बाई सावडीतून गळली तिचं भात गेलं म्हणून समजा. आणि मी हे लहानपणापासून बघत आले होते! पण फॉर्ममध्ये मजूर होते, मजुरी होती, सावडीला रकाना नव्हता, आणि मला तो नसल्याचं जाणवलंही नाही. सावडीला आम्ही काम म्हणतच नाही. ती असतेच.

"पण फॉर्ममध्ये तर सगळ्या एकट्याच..." उंच मुलगा म्हणाला.

"फॉर्म, फॉर्म काय लावलंयस!" मी त्याच्यावर खेकसले, आणि मग लाज वाटून सगळं सांगून टाकलं. तीन पेनांसकट.

साताऱ्याची मुलगी म्हणाली, "अख्खा अहवाल त्या बारा फॉर्मांवर उभा आहे. मॅडमना तू सांगणार की आम्ही सांगायचं?"

"मी."

"वेल्ड सुटला तर ओरडून काय होतंय?" लातूरचा म्हणाला. "घासायचा आणि परत मारायचा." तो रागावला नव्हता, हे मला जास्त लागलं. मॅडमनी माझं ऐकून घेतलं आणि पहिल्या टप्प्याचे सगळे मार्क कापले, माझे एकटीचे नाही, चौघांचे. गटाचा विषय होता. त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यांची नावं वापरलीस त्यांना आधी तोंडानं सांगून ये."

गेले. त्या दिवशी बायका ज्या अंगणात मळत होत्या तिथं उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. काठ्या थांबल्या. सगळ्यांत थोरली, जिला अख्खी वाडी काकी म्हणते, तिनं विचारलं, "माज्या नावावर काय लिवलंस गं?"

"तुमी एकट्याच मळता म्हणून."

"एकटी?" काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आगं एकटी तर म्या दवाखान्यात बी जात न्हाई!"

अंगण हसून लोळलं. मी ते हसू थांबायची वाट बघितली आणि खरा प्रश्न विचारला, जो मला आधीच विचारायला हवा होता. आईचा खांदा गेलाय. तिच्या काठीच्या जागी यंत्र आलं, ते प्रत्येकीच्या अंगणात फिरलं, तर सावडीत चालेल का?

हसू गेलं. मागून एक तरणी सून ताडकन म्हणाली, "आज हिचं मशीन, उद्या म्या म्हनंन माजा रेडिओ घ्या. मान्साच्या बदल्यात मानूस, आसंच चालत आलंय." दोघीतिघींनी माना हलवल्या. माझी आई कोपऱ्यात काठी धरून उभी होती, खाली बघत. सापाला शेपटीला धरून फेकणारी बाई ही, पण त्या क्षणी ती घाबरलेली होती.

"आदी बगू तरी," काकी म्हणाल्या. "पन बांधावरनं टेम्पू येतोय व्हय? डोक्यावर येत आसंल तर आना, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

आमच्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये इतकं स्पष्ट मोजमाप दुसऱ्या कुणी दिलं नाही. मी तिथंच काकींचा रोजचा गवताचा भारा काट्यावर टाकला आणि आकडा लिहून घेतला. खरे बारा फॉर्मही त्याच खेपेला दोन दिवसांत भरले, एकाच पेनानं.

पुढचे दोन आठवडे आम्ही वर्कशॉपमध्येच होतो. हत्तीची फ्रेम लातूरच्यानं स्वतःच्या हातानं कापली, तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं. यंत्राचे तीन तुकडे केले, एकही काकींच्या भाऱ्याहून जड नाही. नटबोल्ट काढून खिट्ट्या बसवल्या, पान्याशिवाय तुकडे जोडता यावेत म्हणून. उंच मुलानं ड्रॉइंगची वही नव्यानं काढली आणि प्रत्येक पानावर "डोक्यावर" असा नवा रकाना घातला.

डिसेंबरात उशिराच्या नाचणीची मळणी निघाली, तेव्हा ते यंत्र बारा अंगणं फिरलं. तीन बायकांच्या डोक्यावर तीन तुकडे, तुकड्यांखाली चुंबळी, आणि मागून आई, खिट्ट्या पदराला बांधून. प्रत्येक अंगणात ती पायडलवर बसली. एकदाही हात डोक्याच्या वर गेला नाही. पण तिचा दिवस धरला गेला की नाही, हे कुणी सांगेना. सावडीत कुणी लिहून घेत नाही आणि तोंडानं सांगतही नाही. कळतं ते थेट लावणीला.

एप्रिलमध्ये शेवटचं सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "प्रयोग यशस्वी झाला असं म्हणाल का?" बाकीच्या गटांनी टक्केवारी दाखवली होती. मी म्हटलं, "जुलैत कळेल, सर." ते हसले. मॅडम हसल्या नाहीत. मार्क बरे पडले, फार नाही, आणि खरं सांगू, मला त्याचं काही वाटलं नाही. यंत्र चांगलं होतं, हे मला माहीत होतं. ते आईच्या जागी चालेल का, तेवढंच माहीत नव्हतं.

आमच्या लावणीच्या आदल्या दिवशी मी घरी आले. आई आळीतून "उद्या आमच्यात" एवढं सांगून आली, उत्तराला थांबली नाही. पहाटे उठून ती भाकरी थापायला बसली, डाव्या हातानं जमेल तशा. बाबा म्हणाले, "पाच जणांचं कर. उगा वाया जाईल." तिनं पीठ पंधरांचं मळलं.

उजाडलं. बाबा खाचरात चिखल करत होते. आई पायवाटेकडं पाठ करून रोपांच्या मुठी बांधत होती, मान वर न करता. मीच बघत होते. आधी काकी दिसल्या, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. त्यांच्यामागं दोघी. मग चौघी. मी मोजत गेले आणि माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला. बाराव्या नंबरला ती तरणी सून आली, जिनं मान्साच्या बदल्यात मानूस म्हटलं होतं. साडी खोचत तीच आईला म्हणाली, "तुमी चिखलात उतरू नका. बांधावर बसा आन मुठी द्या. तुमचा दिवस डिसेंबरातच धरलाय."

आई बांधावर बसली. मुठींचा पसारा मांडीवर तसाच राहिला आणि तिला जे रडू फुटलं ते थांबेना. खांदा गेला तेव्हा न रडलेली बाई, हमसून हमसून रडत होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

काकी खाचरात वाकल्या होत्या. त्यांनी तिथूनच हात पुढं केला.

"आदी मूठ दे गं," त्या म्हणाल्या. "मग रड."

आईनं मूठ दिली.