होळीचा मान

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत होळी रचायची ती धोंडूनेच. असा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. मधोमध एरंडाची फांदी, भोवती सुक्या काटक्या, गवऱ्या, झावळ्या, आणि मग छाती फुगवून मालवणीत देवाला गाऱ्हाणं. ते ऐकायला वरच्या मजल्यावरची माणसंही गॅलरीत यायची. त्या संध्याकाळी धोंडू राजा असायचा. एरवी तो नाक्यावर लिंबं विकायचा.

गेल्या वर्षी राजाचं जरा अतीच झालं. ज्वाळा उंच जाव्यात म्हणून त्याने जुनी गादी टाकली, थर्माकोल टाकला, वर रॉकेल ओतलं. ठिणगी उडाली आणि दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली ललिताकाकूंची पातळं पेटली. माणसं वाचली हे नशीब. यंदा चाळीच्या कमिटीने होळी वसंताकडे दिली.

दुसऱ्या कुणालाही दिली असती तर धोंडूने गिळलं असतं. पण वसंता? दोघं कणकवलीकडच्या एकाच गावचे, दोघांचे बाप एकाच गिरणीत. गिरणी पाडून टॉवर झाला तेव्हा तिथे सिक्युरिटीची नोकरी वसंताला लागली, वर आग विझवायचं ट्रेनिंग. आता होळीचा मानही त्यालाच! होळी पेटायच्या आधीच धोंडूच्या पोटात निखारे पडले होते.

वसंताने चौकात, वायरी आणि मोटरसायकलींपासून लांब, कमरेएवढीच होळी रचली. छाटणीत पडलेल्या सुक्या फांद्या तेवढ्या घेतल्या. हिरवं झाड तोडायचं नाही, टायर-प्लास्टिक नाही, रॉकेल तर नावालाही नाही. शेजारी वाळूच्या बादल्या, नळाला लांब पाइप. निखारे पाणी मारून विझेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, असंही त्याने सांगून टाकलं.

"ही होळी आसा काय शेगडी?" धोंडू ओरडला. "पापड भाजून घे हिच्यावर!"

लोक हसले. वसंताही मनमोकळं हसला, आणि ते धोंडूला जास्त झोंबलं.

दुपारी चौक रिकामा बघून धोंडू जिन्याखाली शिरला आणि पाइपाच्या नळाचा कॉक त्याने गच्च फिरवून बंद केला. कुठे आग लागावी असं त्याच्या मनात नव्हतं, इतका तो वाईट नव्हता. फक्त शेवटी वसंताने ऐटीत पाइप उचलावा, त्यातून थेंब पडू नये, आणि चाळीने खो खो हसावं. आग लागलीच तर काय, हा विचार त्याने केलाच नाही. मत्सराला एवढी लांबची दृष्टी नसते.

संध्याकाळी वसंता स्वतः त्याच्या दारात आला. "चल रे धोंडू. गाऱ्हाणा कोण घालतलो? माका जमाचा नाय."

धोंडू सुखावला. होळीपुढे उभं राहताच त्याचा जुना आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा! आज फाल्गुनाचे पुनवेक ही तुझी लेकरां हय जमली हत. तेंची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

पुढची ओळ दरवर्षीसारखी आपसूक तोंडातून गेली. "तेंचा कोणी वायट चिंतला असात, कोणी आड इलो असात, तर तेचा तोंड काळा कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज वसंताचा होता. हात जोडून, डोळे मिटून तो अगदी शेजारी उभा होता.

धोंडूने लाजेने गाऱ्हाणं अर्ध्यावरच सोडलं. ते संपलं असं समजून वसंताने काडी ओढायला घेतली.

"थांब. पेटवू नको. पाइपाक पाणी नाय."

"असा कसा? सकाळीच बघलंय मी."

"कॉक मी बंद केलंय."

सगळ्यांच्या देखत धोंडू जिन्याखाली गेला, कॉक उघडला आणि परत येऊन उभा राहिला. वसंताने पाइप उचलून पाणी येतंय ते बघून घेतलं.

"अर्ध्यार सोडू नको," तो धोंडूकडे न बघता, होळीकडे बघत म्हणाला. "पुरा कर."

धोंडूने खाली मान घालून उरलेलं गाऱ्हाणं घातलं. चाळीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. वसंताने म्हटलं नाही.